अस्तराचा कागद

डावऱ्याला नाव आहे, पण ते कोणाच्या तोंडी नाही. ब्रश डाव्या हाताने धरतो, सुरी डाव्या हाताने चालवतो आणि गिऱ्हाइकाने घाई केली की कपाळालाही डावाच हात लावतो, म्हणून लहानपणापासून तो डावरा. वय बावन्न, धंदा पुस्तकं बांधण्याचा. दुकान त्याच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी थाटलेलं. पुढे काउंटर, मागे दोन लांब टेबलं, मधे पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि भिंतीला टेकून छतापर्यंत पुठ्ठे. अप्पा आता ब्याऐंशीचे आहेत. डोळ्यांनी केव्हाच राजीनामा दिला आहे, जीभ मात्र अजून रोज कामावर येते.

त्या जिभेची ख्याती सांगायलाच हवी. अप्पांच्या हाताखाली जेवढे कारागीर तयार झाले, त्यातला प्रत्येक जण निदान एकदा शिकंज्यामागे जाऊन रडला आहे. पुस्तकाचा कोपरा बोथट बसला की अप्पा विचारायचे, "हे पुस्तक आहे की उशी?" शिलाई सैल पडली की म्हणायचे, "उघडू नका रे, पानं पळून जातील." डावऱ्यालाही अठराव्या वर्षापर्यंत याचा पोटभर खुराक मिळाला. मग एकाएकी तो बंद झाला. त्यानंतर डावऱ्याने कसलंही काम पुढे केलं की अप्पा पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचे आणि "बरं" म्हणून परत द्यायचे. लोक म्हणायचे, बापाचा लाडका आहे. डावऱ्याला वाटायचं, बापाने आपल्यावर पाणी सोडलंय, आपण ओरडा खायच्याही लायकीचे नाही. पण हे त्याने कधी विचारलं नाही. त्या घरात सगळे बोलतात भरपूर, विचारत कोणीच काही नाही.

बाकी डावरा मतांचा पक्का. चहात साखर किती असावी इथपासून पुस्तकाला लाल कापड का लावू नये इथपर्यंत त्याची मतं ठरलेली. सगळ्यात ठाम मत होतं मोठ्या शहरातल्या सरकारी विद्यापीठाबद्दल. काउंटरवर कोणी त्याचा विषय काढायची खोटी, डावरा सुरी खाली ठेवून सुरू व्हायचा. "चाळीस हजार पोरं आहेत तिथे. एकेका वर्गात पाचशे. शिकवणाऱ्याला तुमचं नाक कुठे आणि कान कुठे, पत्ता नसतो. एवढ्या गर्दीत कोण जातं? मला जाता आलं असतं, मलाच जायचं नव्हतं."

यातलं शेवटचं वाक्य शुद्ध थाप होती. अठराव्या वर्षी डावऱ्याने त्या विद्यापीठात भूगोल शिकायला म्हणून अर्ज केला होता आणि उत्तर आलंच नव्हतं. महिनाभर तो पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसला. मग एका ओळखीच्या माणसाने काउंटरवर सगळ्यांदेखत विचारलं, काय रे, तुझ्या विद्यापीठाचं काय झालं? तेव्हा लाज राखायला डावऱ्याने ती थाप मारली. ती खपली. खपली म्हणून पुन्हा मारली. चौतीस वर्षांत ती इतकी घासून गुळगुळीत झाली की त्याचं त्यालाही ते मत वाटायला लागलं.

ही थाप ऐकत ऐकतच त्याची मुलगी मोठी झाली. तिला घरात ठमी म्हणतात. अठरा वर्षांची, हुशार, कडेवर असल्यापासून दुकानात वावरलेली. ठमीने त्याच विद्यापीठात अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला. तसं पत्र फोनवर आलं, तिने ते कागदावर छापून दुकानाच्या भिंतीला टाचणीने लावलं. घरापासून दोन गल्ल्यांवर एक लहानसं कॉलेज आहे, तिथेही तिला घेत होते. तिथे वर्गात तीस मुलं, प्राचार्य ओळखीचे आणि दुपारी घरी येऊन दुकानात बसायची सोय. कुठे जायचं ते ठमीला ठरवता येईना. विद्यापीठाला हो की नाही हे मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं.

डावऱ्याची बायको सोमवारी त्याला म्हणाली, "तिला काय ते नीट सांगा. जा म्हणा, नाहीतर नको म्हणा."

"तिचं ती ठरवेल. मी मधे पडत नाही."

"जन्मापासून तिच्या कानाशी एकच टेप वाजवलीत आणि आता म्हणे मधे पडत नाही!"

आतून डावऱ्याला वाटत होतं की पोरीने जावं. पण तसं म्हणायचं तर आधी चौतीस वर्षांची थाप गिळावी लागली असती.

आता दुकानाच्या दोन सवयी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच फिरतं. पहिली सवय, कागद वाचायचा नाही. "वाचत बसलास तर बांधणार कोण?" हे अप्पांनी प्रत्येकाच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसवलेलं. दुसरी सवय, चांगला कागद टेबलावर ठेवायचा तो छापील बाजू खाली करून. कामाच्या जागी हात खळीने माखलेले असतात, छापील बाजूला डाग लागू नये म्हणून ही काळजी. पाठीच्या अस्तराला जो रद्दी कागद लागतो तोही असाच पालथा ठेवतात, बांधणाऱ्याच्या हाताशी. पुस्तकाच्या पाठीला खळ लावायची, पालथा कागद तसाच उचलून तिच्यावर दाबायचा. शाई आत राहते, कोरी बाजू बाहेर येते, वरच्या कापडातून अक्षरं फुटत नाहीत. आयुष्यभर अस्तरं लावणाऱ्या माणसाने अस्तराच्या कागदावरचं एक अक्षरही पाहिलेलं नसतं.

मंगळवारी जेवण उरकून डावऱ्याने ग्रंथालयाचा शब्दकोश हातात घेतला. आदल्या दिवशी ग्रंथालयाच्या बाई तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून, धापा टाकत आल्या होत्या. "तुमच्याच दुकानचं काम आहे हो, आत शिक्का आहे. चौतीस वर्षं टिकलं, आता पाठ फाटली," असं म्हणून त्यांनी ते धूड काउंटरवर आदळलं होतं. चांगलं हातभर उंच आणि चार बोटांहून जाड. डावऱ्याने पाठीचं कापड सोललं. खाली अस्तराचे दोन थर होते, जड पुस्तकाला असतात तसे. त्याने ओला फडका ठेवला, दहा मिनिटं थांबला आणि हाडाच्या बोथट पट्टीने वरचा थर अलगद उचलला.

कागद जाड होता, दमदार होता. दुकानच्या रद्दीत असला कागद कुठून आला, असं वाटून डावऱ्याने जन्मात पहिल्यांदा अस्तर उलटून पाहिलं.

ते अर्धं पत्र होतं. मधोमध उभं कापलेलं, त्यातली डावी पट्टी. वर विद्यापीठाचं अर्धं चिन्ह. खाली तारीख, चौतीस वर्षांपूर्वीची. तारखेखाली त्याचं स्वतःचं नाव, जे कोणाच्या तोंडी नाही ते, आणि त्याखाली या दुकानाचा पत्ता. पुढच्या ओळी मधेच तुटत होत्या. एक ओळ 'आपण केलेल्या अर्जाचा' इथे संपत होती, दुसरी 'आपणांस कळविण्यास आम्हांला' इथे.

उत्तर आलं होतं! इतकी वर्षं त्याला वाटत होतं की त्याला कोणी विचारलंदेखील नाही, नकाराच्याही लायकीचं समजलं नाही, आणि उत्तर आलेलं होतं. पण कळविण्यास त्यांना काय? खेद की आनंद? ते खालच्या थरात होतं, आणि खालचा थर अजून सुकाच होता. ओढला असता तर अक्षरं उपटून आली असती. त्याने फडका पुन्हा भिजवला, पाठीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. धंदा कोणासाठी घाई करत नाही. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.

दुसरी पट्टी निघाली. त्याने ती पहिलीच्या शेजारी ठेवली आणि ओळी जुळवल्या. खेद नव्हता, आनंद होता. त्याची निवड झाली होती. वसतिगृहात जागाही ठेवली होती. कधी हजर व्हायचं, सोबत काय आणायचं, सगळं लिहिलेलं होतं.

तो मटकन पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसला. या थप्पीवर बसल्याबद्दल अप्पांनी आजवर तीन कारागिरांना घरी धाडलं होतं. भूगोल, वसतिगृह, ते शहर, सगळं त्याच्या नावाने राखून ठेवलेलं होतं आणि तो इथे बसून लोकांना सांगत होता की मलाच जायचं नव्हतं. मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली. दुकानाचं टपाल फोडायचं काम त्या काळी फक्त अप्पांचं होतं.

अप्पा रोज बसतात त्या खुर्चीपुढे तो जाऊन उभा राहिला. "अप्पा, माझं पत्र तुम्ही दडवलंत."

अप्पांनी मान वर केली. "कुठलं पत्र?"

"विद्यापीठाचं. मला घेतलं होतं त्यांनी! तुम्ही फोडलंत, वाचलंत आणि या शब्दकोशाच्या पाठीत गाडून टाकलंत. बाप आहात की कोण आहात?"

अप्पांनी हात पुढे केला. "पाठीत?" ते म्हणाले. "पाठीत कसं जाईल ते? दे, दे इकडे."

डावऱ्याने शब्दकोश त्यांच्या मांडीवर जवळजवळ टाकलाच. अप्पांनी पाठीवर अंगठा टेकवला. कडेला, जिथे फडक्याचं पाणी पोचलं नव्हतं, तिथे जुनी खळ सुकून दगड झाली होती आणि तिच्यावर ब्रशच्या रेघा जशाच्या तशा होत्या. अप्पांचा अंगठा त्या रेघांवरून एकदा गेला, परत आला आणि थांबला.

"हे माझं काम नाही," ते हळूच म्हणाले. "रेघा उलट्या उतरल्यात. असा ब्रश या दुकानात एकच माणूस मारतो."

डावऱ्याने वाकून पाहिलं. आपलं अक्षर ओळखायला कोणाला वेळ लागत नाही. त्या रेघा डाव्या हाताच्या होत्या. पत्राचे मधोमध दोन तुकडे केले होते ते त्याने, खळ लावली होती ती त्याने, वरून कोरी बाजू हाडाच्या पट्टीने घोटली होती तीही त्यानेच.

"पण ते माझ्या टेबलावर आलं कसं?" त्याने विचारलं.

"मी ठेवलं," अप्पा म्हणाले. "सकाळी टपालात आलं. जन्मात एवढा एकच कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला असेन. तुला हाक मारायला गेलो, तर दातखीळ बसल्यासारखं झालं. जा म्हटलं असतं तर तू गेला असतास, राहा म्हटलं असतं तर राहिला असतास. म्हटलं, आपण बोलायचं नाही. वाचेल आणि ठरवेल. तू जेवायला गेला होतास. तुझ्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर निघून गेलो."

"ठेवलं कसं?"

"कसं म्हणजे? कागद ठेवतात तसं. तुझ्या हाताशी, डाव्या बाजूला. चांगला कागद होता, डाग पडू नये म्हणून..."

अप्पांचं वाक्य तिथेच राहिलं. चांगला कागद कसा ठेवतात हे त्या दुकानात कोणी कोणाला समजावून सांगत नाही. डावरा जेवून आला होता, शब्दकोश वाट बघत होता, डाव्या हाताशी एक दमदार कागद पालथा ठेवलेला होता. त्याने तो उचलला आणि लावला. बापाने जपून ठेवला आणि लेकाने शिकवल्याप्रमाणे वापरला. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

"संध्याकाळी परत आलो तर टेबल साफ," अप्पा पुटपुटत होते. "तू खाली मान घालून शिवत होतास. वाटलं, आज नाही तर उद्या बोलशील. महिना गेला. मग तू काउंटरवर कोणाला तरी म्हणालास, मलाच जायचं नव्हतं. मी या इथे उभा होतो, पुठ्ठ्यांमागे."

"ती थाप होती, अप्पा! उत्तर आलं नाही म्हणून लाजेपायी मारलेली थाप होती!"

अप्पांचे दोन्ही हात शब्दकोशावर तसेच राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तू माझ्यासाठी राहिला नव्हतास?"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि ठमी आत आली. हातात फोन, चेहऱ्यावर ठरवून आलेल्या माणसाचा शांतपणा. दोघांच्या तोंडाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"बाबा, ठरलं एकदाचं," ती म्हणाली. "मी नाही म्हणून कळवतेय. तुमचंच बरोबर आहे. एवढ्या गर्दीत कोण जातं? कोणी विचारलं तर मीही सांगेन, मला जाता आलं असतं, मलाच जायचं नव्हतं."

आपलंच वाक्य, शब्दन् शब्द, मुलीच्या तोंडून ऐकून डावरा ताडकन पुढे झाला. तिचा अंगठा फोनवर टेकायला आला होता. "थांब!" तो ओरडला. असा ओरडला की रस्त्यावरून जाणारा एक माणूस दुकानात डोकावला. "काही दाबू नकोस! इकडे ये आधी."

त्याने दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, छापील बाजू वर करून. ठमीने वाचलं. वरचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिने भिंतीवरच्या आपल्या पत्राकडे पाहिलं. चिन्ह तेच होतं.

"पण तुम्ही तर म्हणायचात..."

"खोटं म्हणायचो. ती गर्दी मी कधी बघितलेलीच नाही, ठमे. तिथलं फाटकसुद्धा बघितलेलं नाही." आणि मग डावऱ्याने तिला सगळं सांगितलं. टपाल, पालथा कागद, काउंटरवरची थाप, काही शिल्लक ठेवलं नाही. सांगताना त्याला दोनदा पाणी प्यावं लागलं.

ठमीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला जायचं होतं?"

"हो," डावरा म्हणाला. "फार जायचं होतं." हे वाक्य त्याने आयुष्यात कोणापुढे उच्चारलं नव्हतं. मागे खुर्ची करकरली. अप्पांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"आता तू सांग," डावरा म्हणाला. "या घरात ही रीत नाही, पण मी तोंडाने विचारतो. तुला जायचंय का?"

"मला भीती वाटते, बाबा. तिथे मला कोणी ओळखत नाही. आणि इथे तुमचा खांदा दुखतो, आजोबांना दिसत नाही..."

"ते मी विचारलं नाही. खांद्याचं मी बघतो. जायचंय का?"

ठमीने ओठ दाबून धरले. रडू फुटायच्या आत तिने मान हलवली आणि मग, मान हलवणं पुरेसं नाही हे कळून, मोठ्याने म्हणाली, "जायचंय."

पाचला वीस मिनिटं कमी असताना तिने होकार कळवला. डावऱ्याने शेजारी उभं राहून फोनच्या पडद्यावरची ओळ चष्मा लावून, अक्षर अक्षर वाचली आणि मगच तिला सोडलं. ती आईला सांगायला घराकडे पळाली.

दुकानात बापलेक उरले. डावऱ्याला आता शब्दकोश पुन्हा कामाला घ्यायचा होता, पण तो अप्पांच्या मांडीवर होता आणि अप्पा तो सोडत नव्हते.

"मघाचं उत्तर राहिलं तुझं," अप्पा म्हणाले.

हो म्हटलं असतं तर म्हातारा सुखाने घरी गेला असता, हे डावऱ्याला कळत होतं. पण एक थाप चौतीस वर्षं पोसून तो थकला होता, दुसरी पाळायची ताकद त्याच्यात नव्हती. "नाही, अप्पा," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नव्हतो राहिलो. मला वाटलं, मला कोणी घेतलंच नाही."

अप्पांनी बाहीने डोळे पुसले, तरी ते वाहतच राहिले. "आणि मी समजून चाललो की पोराने माझ्यापायी एवढं सोडलं. तुझं काम हातात आलं की वाटायचं, याला बोलायचा आपल्याला काय हक्क? अंगठा फिरवायचा आणि गप्प बसायचं. चौतीस वर्षं, बाबा. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प बसलो."

म्हणजे ते "बरं" यासाठी होतं. बापाने पाणी सोडलं नव्हतं, बाप उपकाराखाली दबला होता, तोही न केलेल्या उपकाराखाली. डावऱ्याला हसू आलं की रडू, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

अप्पांनी शब्दकोश सरळ केला. अंगठा पाठीच्या वरच्या टोकाला ठेवला आणि खालपर्यंत हळूहळू नेला. पुन्हा वर नेला. मधे एका जागी थांबून नखाने टोकरलं. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, जी डावऱ्याने अठराव्या वर्षानंतर आपल्या वाट्याला आलेली पाहिली नव्हती.

"ही पाठ वाकडी बसवली आहेस," अप्पा म्हणाले. "आणि वरचा दोरा सैल आहे. शब्दकोश बांधलास की गाठोडं?"

डावऱ्याने स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्यांपाशी बसला.

"अजून सांगा," तो म्हणाला.